चित्रातले पांढरे पट्टे

एका जुन्या परदेशी कॅलेंडरचं एक पान आमच्या हाती लागलं. पानावर एका निसर्गचित्राची छपाई होती. खाली चित्रकाराचं नाव होतं, पण ते आम्ही दुमडून टाकलं आणि पान सातवीच्या वर्गात फळ्यावर चिकटवलं. मुलांना एवढंच विचारलं, "यात काय काय दिसतंय?"

पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच आलं : ढग. ते साहजिकच होतं, कारण चित्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आभाळानं व्यापलेला आहे. मग कोणी लांबवरचं चर्च शोधलं, कोणी झाडी, कोणी उतरत्या छपरांची घरं. चित्राच्या मधोमध, उन्हाचा कवडसा पडलेल्या हिरव्या मैदानावर काही लांबट पांढरे पट्टे आहेत. ते काय असावेत यावर मात्र एकमत होईना. भाताची खाचरं, त्यात पाणी साचलंय, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याला तो बर्फ वाटला. एकीच्या मते पापड-कुरडया वाळत घातल्या होत्या. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, साड्या आहेत. वाळत घातल्यात." तिच्या घरी कपडे धुण्याचा आणि इस्त्रीचा व्यवसाय आहे.

वर्गात ती एकटीच बरोबर होती, किंवा जवळजवळ बरोबर. त्या साड्या नव्हेत, पण ते कापडच आहे. आणि ते नुसतं वाळत घातलेलं नाही, ते पांढरं व्हायला घातलेलं आहे. ही गोष्ट त्या पट्ट्यांची.

चित्र आहे याकोब फान राउसडाल या डच चित्रकाराचं. नाव 'हार्लेमचं दृश्य आणि कापडाची धवल-मैदानं' असं काहीसं. १६७० ते १६७५ या दरम्यान त्यानं ते तैलरंगात रंगवलं. आज ते नेदरलँड्समधल्या द हेग शहरी, माउरित्सहाउस या संग्रहालयात आहे. आकार अगदी लहान, उंची सुमारे ५५ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ६२ सेंटिमीटर. म्हणजे वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशाहूनही छोटं. पण एवढ्याशा कापडावर त्यानं मैलोगणती प्रदेश मांडला आहे.

चित्र पाहणारा उभा आहे तो हार्लेम शहराच्या वायव्येला, ओव्हरफेन गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर. उत्तर समुद्राच्या वाऱ्यानं किनाऱ्यालगत अशा टेकड्यांची रांगच तयार झाली आहे. टेकडीच्या पलीकडे सगळा सपाट मुलूख. इतका सपाट, की क्षितिजाची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी. त्या रेघेवर एकच मोठी वस्तू उठून दिसते, ती म्हणजे हार्लेमचं सेंट बाव्हो चर्च.

इथं एक छोटं गणित मुलांना घालता येतं. सपाट जमिनीवर किंवा समुद्रावर क्षितिज किती लांब दिसेल? डोळ्याची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण ३.६ नं गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. उभ्या माणसाला क्षितिज चार-साडेचार किलोमीटरांवर असतं. तोच माणूस २५ मीटर उंचीच्या वाळूच्या टेकडीवर चढला, तर ते अठरा किलोमीटरांवर जातं. आणखी एक नियम : सपाट मुलखात जी वस्तू क्षितिजाच्या रेघेच्या वर डोकं काढते, ती आपल्या डोळ्यापेक्षा उंच असते. चित्रातली बहुतेक घरं रेघेच्या खालीच राहतात आणि चर्च मात्र वर येतं. त्याचा मनोरा पाऊणशे मीटरांहून उंच आहे.

आता पट्ट्यांकडे येऊ.

हार्लेमची भरभराट दोन गोष्टींवर उभी होती, बिअर आणि कापड. दोन्हींना स्वच्छ पाणी लागतं. हॉलंडमध्ये पाण्याला काय तोटा, असं आपल्याला वाटेल. पण तिथल्या दलदलीच्या सखल जमिनीत 'पीट' नावाचा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो. त्यातून आलेलं पाणी पातळ चहासारखं तपकिरी असतं. असल्या पाण्यात पांढरं कापड धुणार कसं? वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मात्र वाळूतून गाळून आलेलं पावसाचं नितळ पाणी मिळे. म्हणून कापड पांढरं करण्याचा धंदा शहरात न बसता टेकड्यांच्या पायथ्याशी बसला. चित्रात मैदानं नेमकी तिथंच आहेत.

कापड म्हणजे लिनन. ते जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून बनतं. आपल्याकडे जवस किंवा अळशी म्हटली की चटणी आणि तेल आठवतं. विदर्भात तर हे पीक चांगलंच ओळखीचं. पण संस्कृतात अळशीला 'क्षुमा' आणि तिच्या धाग्याच्या वस्त्राला 'क्षौम' म्हणत, त्या अर्थी आपल्याकडेही कधीकाळी तिचं कापड विणलं जात होतं. युरोपात कापूस फारसा उगवत नव्हता, तेव्हा अंगातल्या सदऱ्यापासून जहाजाच्या शिडापर्यंत बरंच काही जवसाच्या धाग्याचं.

१५७२-७३ मध्ये स्पॅनिश सैन्यानं हार्लेमला वेढा घातला होता. सात महिन्यांनी शहर पडलं. पुढं १५७६ मध्ये मोठी आग लागली. या उद्ध्वस्त शहराला पुन्हा उभं केलं ते बऱ्याच अंशी दक्षिणेकडच्या फ्लँडर्समधून आलेल्या निर्वासितांनी. त्यांच्याजवळ विणण्याची आणि कापड पांढरं करण्याची विद्या होती. काही दशकांतच हार्लेमच्या पांढऱ्या कापडाचा इतका बोलबाला झाला, की दुसऱ्या देशांत विणलेलं कोरं कापडही इथं पांढरं करायला येऊ लागलं आणि तयार झाल्यावर 'हॉलंड' याच नावानं विकलं जाऊ लागलं. इंग्रजीत एका प्रकारच्या लिननला हे नाव कायमचं चिकटलं.

मागावरून उतरलेलं लिनन पांढरं नसतं. त्याचा रंग मळकट पिवळसर-करडा, आपल्या कोऱ्या मांजरपाटापेक्षाही गडद. धाग्याबरोबर मेण, पेक्टिन, लिग्निन आणि इतर रंगद्रव्यं चिकटून आलेली असतात. ती काढायची पद्धत अशी होती : आधी कापड राखेच्या कडक पाण्यात भिजवायचं, उकळायचं. राख बाल्टिक समुद्राकडच्या जंगलांतून जहाजानं यायची. त्यानंतर धुऊन ते गवतावर अंथरायचं, कडा खुंट्यांना ताणून बांधायच्या आणि चरातलं पाणी लांब दांड्याच्या पोहऱ्यांनी त्यावर उडवत राहायचं. कापड वाळू द्यायचं नाही! हे असं कित्येक दिवस. मग पुन्हा राखेचं पाणी, पुन्हा गवत. असे अनेक फेरे झाले की कापड आंबट ताकात बुडवून, वर वजन ठेवून काही दिवस मुरवायचं. मग साबण, पाणी, आणि परत गवत. मार्चच्या आसपास सुरू झालेलं काम पाऊस-थंडी वाढेपर्यंत चाले. उत्तम पांढरं कापड मिळायला सहा ते आठ महिने लागत.

हे सगळं काय चाललं होतं? आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत ते थोडक्यात सांगता येतं. राखेतला पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार आम्लारीधर्मी. तो मेण आणि पेक्टिन सैल करून पाण्यात नेतो. ओल्या कापडावर ऊन पडलं की हवेतला ऑक्सिजन, पाणी आणि प्रकाश मिळून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे अतिशय क्रियाशील पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतात. ते रंगद्रव्यांचं ऑक्सिडीकरण करतात. रंग देणारा रेणू मोडला की रंग जातो, आणि मोडलेले तुकडे पुढच्या राखेच्या पाण्यात विरघळतात. म्हणून तर दोन्ही क्रिया आलटून पालटून करायच्या. ताकातलं लॅक्टिक आम्ल उरलेल्या आम्लारीचं उदासिनीकरण करतं आणि लोहासारख्या धातूंचे डाग विरघळवतं. यातलं एक अक्षरही त्या माणसांना ठाऊक नव्हतं. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून शंभर वर्षं होती. तरी क्रम चुकत नव्हता.

'त्या माणसांना' असं आम्ही लिहिलं, पण त्या बहुतांशी बाया होत्या. मैदानावरचं भिजवण्याचं, अंथरण्याचं, धुण्याचं काम हंगामापुरत्या येणाऱ्या बायका आणि मुली करत. दिवसभर हात राखेच्या पाण्यात, पाय ओल्या गवतात. चित्रात त्या दिसतात, पण कशा? भिंग घेतलं तर ठिपक्यांएवढ्या. एकीचाही चेहरा ओळखू येत नाही. राउसडालला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या चित्रांत माणसं अशीच बारीक असतात. पण चित्र पाहून हार्लेमच्या शांत वैभवाबद्दल लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या नजरेतून त्या निसटल्या, हेही खरं. काही कला-अभ्यासकांनी चर्च आणि शुभ्र कापड यांत आत्म्याच्या शुद्धीचं प्रतीक शोधलं आहे. असेलही. आम्हाला मात्र आमच्या वर्गातल्या मुलीचं वाचन अधिक जवळचं वाटतं.

आपल्याकडच्या परटांची विद्या याहून फार वेगळी नव्हती. पापडखार किंवा खारी माती, भट्टी, नदीचं पाणी आणि ऊन. सतराव्या शतकात भडोच हे गाव कापड पांढरं करण्यासाठी प्रसिद्ध होतं. लांबलांबून कोरं कापड तिथं येई आणि नर्मदेच्या पाण्याला त्याचं श्रेय दिलं जाई. तिथून आणि सुरतेहून ते कापड विकत घेणाऱ्यांत डच ईस्ट इंडिया कंपनीही होती. म्हणजे एकाच वेळी एकीकडे हार्लेमच्या गवतावर लिनन आणि दुसरीकडे नर्मदाकाठी सुती कापड उन्हात पडलेलं होतं, आणि दोन्हींचा हिशेब अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत लिहिला जात होता.

ही मैदानं मागं का पडली, ती गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अठराव्या शतकात कापडाचं उत्पादन वाढलं, पण ऊन आणि गवत वाढवता येईना. मोक्याच्या जमिनी कापडाखाली महिनोन्‌महिने अडकून पडत, व्यापाऱ्याचा पैसाही तितकेच दिवस अडकून राही. पहिली सुधारणा ताकाच्या जागी झाली. स्कॉटलंडमधल्या फ्रान्सिस होम या डॉक्टरनं १७५६ मध्ये असं दाखवलं, की आंबट ताकाऐवजी पाण्यात पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर दिवसांचं काम तासांत होतं. दहाच वर्षं आधी, १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला शिशाच्या मोठ्या कोठ्यांत सल्फ्युरिक आम्ल बनवण्याची पद्धत सुरू झाली होती, त्यामुळे ते स्वस्त झालं होतं. आता त्याला गिऱ्हाईकही मिळालं.

दुसरी सुधारणा उन्हाच्या जागी. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला. फ्रान्समध्ये बेर्तोले यानं १७८५ मध्ये दाखवून दिलं, की या वायूच्या द्रावणानं कापडाचा रंग झपाट्यानं उडतो. वाफेच्या इंजिनवाले जेम्स वॉट पॅरिसला गेले असता त्यांनी बेर्तोलेंचा प्रयोग पाहिला आणि घरी कळवला. घरी म्हणजे कुठं? त्यांचे सासरे ग्लासगोजवळ कापड पांढरं करण्याचाच धंदा करत होते! पण क्लोरीन हा विषारी, घशात जाऊन गुदमरवणारा वायू. तो हाताळणं अवघड. ती अडचण १७९९ मध्ये सुटली. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरलेल्या चुन्यात क्लोरीन शोषून घेऊन एक पांढरी भुकटी बनवण्याचं पेटंट घेतलं. पिंपात भरून ती कुठंही नेता येई. हीच ब्लीचिंग पावडर.

'ब्लीच' म्हणजे पांढरं करणं. पण आपल्या खेड्यांत ब्लीचिंग पावडर कपड्यांना नव्हे, विहिरीला लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा माणूस जी 'टीसीएल' पावडर पाण्यात टाकतो, ती याच कुळातली. रंगाचे रेणू मोडणारी तीच ऑक्सिडीकरणाची क्रिया जंतूंच्या पेशीही मोडते. पिण्याच्या पाण्यासाठी तिचा वापर होऊ लागला तो मात्र बऱ्याच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं चित्राकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागली.

आता जरा चित्राच्या अंगाकडे बघू, म्हणजे ते ज्यापासून बनलं त्या वस्तूंकडे. चित्र रंगवलंय कशावर? लिननच्या कापडावर. रंग कालवलाय कशात? जवसाच्या तेलात. एकाच झाडाचं खोड खाली आणि बी वर! जवसाच्या खोडापासून बनलेल्या कापडाचं चित्र, जवसाच्या कापडावर, जवसाच्या तेलानं. राउसडालच्या मनात हा विचार आला असेल असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या काळी बरेच चित्रकार हे दोन्ही वापरत, आणि त्या तेलाच्या घाण्या पवनचक्क्यांवर चालत.

पण तेलंच तर इतकी असतात, मग जवसाचंच का? कारण ते वाळतं. खरं तर 'वाळतं' हा शब्द चुकीचा आहे, कारण त्यातून पाणी उडून जात नाही. त्यातल्या लिनोलेनिक आम्लाच्या साखळ्यांत दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतला ऑक्सिजन तिथं जोडला जातो, शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. हा प्रयोग शाळेत बिनखर्चाचा आहे. दोन काचपट्ट्या घ्या. एकीवर जवसाचं कच्चं तेल, दुसरीवर खोबरेल अगदी पातळ फासा आणि धूळ बसणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी बोट लावून पाहा. जवसाचं तेल चिकटसर होऊन पापुद्रा धरू लागेल, खोबरेल तेलच राहील. ज्या ऑक्सिजननं मैदानावरचं कापड पांढरं केलं, त्यानंच ते कापड दाखवणारा रंग घट्ट केला.

ढगांचा आणि कापडाचा पांढरा रंगही पाहण्यासारखा आहे. त्या काळी तैलरंगात भरवशाचा पांढरा एकच, शिशाचा सफेदा. तो बनवण्याची एक रीत 'डच पद्धत' म्हणूनच प्रसिद्ध आहे. मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याची गुंडाळी. अशी भांडी घोड्याच्या लिदीत थरावर थर रचून बंद खोलीत काही महिने ठेवायची. लीद कुजताना उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड देते, व्हिनेगरची वाफ शिसं खाते आणि पत्र्यावर पांढरा थर धरतो. तो खरवडून, दळून रंग करायचा. शिसं विषारी, त्यामुळे या खोल्यांत काम करणाऱ्यांच्या प्रकृतीची दैना होई. चित्रातल्या शुभ्र ढगाची ही दुसरी बाजू.

जवसाच्या तेलाला एक खोड आहे. अंधारात ठेवलेला तैलरंग पिवळट पडतो आणि उजेडात आणला की तो पिवळेपणा बराचसा जातो. याच शतकातला थोर चित्रकार रुबेन्स यानं आपलं एक चित्र परगावी पाठवताना पत्रातून कळवलं होतं, की ते पिवळं पडलेलं दिसलं तर अधूनमधून उन्हात ठेवावं. थोडक्यात, चित्रालाही मैदानावर घालावं!

आभाळाकडे आम्ही अजून वळलोच नाही आणि मुलांनी तर ते सर्वांत आधी पाहिलं होतं. चित्रातले ढग मुख्यतः क्युम्युलस जातीचे, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले राशिमेघ. उन्हानं जमीन तापते, हवा वर चढते, थंड होते आणि ठरावीक उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात; म्हणून ढगांचे तळ साधारण एका पातळीत असतात. ढगांमधल्या फटींतून ऊन खाली येतं आणि जमिनीवर उजेडाचे आणि सावलीचे पट्टे सरकत राहतात. चित्रात पुढची टेकडी सावलीत आहे, कापडाचं मैदान उन्हात, त्यापुढं पुन्हा सावली, मग शहराच्या काही छपरांवर ऊन. या उजेड-सावलीच्या पायऱ्यांवरून आपली नजर लांब लांब जाते. शिवाय दूरच्या वस्तू फिकट आणि निळसर होत जातात, कारण मधल्या हवेनं विखुरलेला प्रकाश त्यांच्या प्रकाशात मिसळतो. घाटावरून दिसणाऱ्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात, तेच इथं सपाट जमिनीवर केलं आहे.

या ढगांना 'क्युम्युलस' हे नाव मात्र राउसडालच्या काळी नव्हतं. ढगांच्या जाती लावून त्यांना नावं दिली ती लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी, १८०२ च्या व्याख्यानात. औषधं बनवणं हा त्यांचा व्यवसाय होता. म्हणजे चित्रातले ढग नावाशिवाय सव्वाशेहून अधिक वर्षं राहिले. राउसडालच्या चित्रांच्या नकला करकरून शिकलेला इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून ढगांचे तैलरंगातले अभ्यास करत होता आणि त्यांच्या मागं तारीख, वेळ, वारा लिहून ठेवत होता. राउसडालनं तसं केलं नाही. त्याच्या काळी तैलरंगाची चित्रं घरात, कार्यशाळेतच रंगवली जात. टेकडीवर जाऊन त्यानं काळ्या खडूनं केलेली रेखाटनं उरली आहेत. आभाळ मात्र त्यानं घरी बसून, आठवणीनं मांडलं.

म्हणूनच अशा चित्रांवरून जुनं हवामान काढू पाहणाऱ्यांनी जपून राहावं लागतं. अमेरिकेतले हवामानतज्ज्ञ हान्स न्यूबर्गर यांनी युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांतली बारा हजारांहून जास्त चित्रं तपासून त्यांत ढग किती, आभाळ किती निळं याची मोजदाद केली होती आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध केली. युरोपात जो थंडीचा काळ 'लहान हिमयुग' म्हणून ओळखला जातो, त्या काळातल्या चित्रांत ढग जास्त दिसतात असं त्यांना आढळलं. कल्पना मोठी गमतीची आहे. पण चित्र म्हणजे वेधशाळेची नोंदवही नव्हे. डच गिऱ्हाइकांना ढग आवडत, म्हणूनही चित्रकार ढग काढत असतील! नेमकं सांगायचं तर हार्लेमचं आभाळ वर्षभर असं नसतं. राउसडालनं निवडलेला दिवस कापडाला हवा तसा आहे. ऊन आहे, वारा आहे, आणि पाऊस येईल असं वाटत असलं तरी अजून आलेला नाही.

तसंच १६७२ चं. हे साल डच इतिहासात 'संकटाचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन धर्मसत्तांनी एकाच वेळी हल्ला केला, फ्रेंच सैन्य आत शिरलं, बांध फोडून जमिनी पाण्याखाली घालाव्या लागल्या, व्यापार बसला आणि चित्रांचा बाजारही. आपलं चित्र याच सालाच्या आगेमागे रंगवलेलं आहे. त्यात या कशाचा मागमूस नाही.

हार्लेमची अशी दृश्यं राउसडालनं एक नाही, पंधराहून अधिक काढली. त्यांना 'हार्लेम्पिये' म्हणजे 'छोटं हार्लेम' असं लाडकं नाव पडलं. अ‍ॅमस्टरडॅम आणि झ्युरिकच्या संग्रहालयांतही ती आहेत. इतकी निघाली, त्या अर्थी गिऱ्हाईक होतं. गंमत म्हणजे तेव्हा तो हार्लेममध्ये राहतच नव्हता. १६२८-२९ च्या सुमारास तो तिथं जन्मला. वडील चौकटी बनवत आणि चित्रं विकत, काका सालोमन नावाजलेले निसर्गचित्रकार. १६४८ मध्ये याकोब शहराच्या चित्रकार-संघाचा सभासद झाला, आणि १६५६-५७ च्या आसपास अ‍ॅमस्टरडॅमला गेला तो तिथलाच झाला. गावाची ही सगळी चित्रं गाव सोडल्यावरची.

त्याच्याबद्दल बराच काळ एक करुण कहाणी सांगितली जाई. एवढा मोठा चित्रकार, पण शेवटी भ्रमिष्ट होऊन हार्लेमच्या अनाथालयात, कंगाल अवस्थेत मेला! पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. विसाव्या शतकात दप्तरं नीट तपासली तेव्हा कळलं, की तो याकोब दुसराच, काका सालोमनचा मुलगा. चुलतभावांचं नाव एकच, धंदा एकच. आपल्या याकोबची परिस्थिती तशी नव्हती.

त्या पांढऱ्या मैदानांपैकी अनेक पुढं शहरातल्या श्रीमंत घरांचे कपडे धुण्याच्या कामी आली. क्षितिजापलीकडचं हार्लेमरमीर हे विस्तीर्ण सरोवर १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी उपसून कोरडं केलं गेलं. त्याच्या तळावर आज स्किपोल विमानतळ आहे. ते सरोवर एवढं पसरण्यामागं सरपणासाठी पीट खणून काढणं हेही एक कारण होतं.

राउसडाल १६८२ च्या मार्चमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला वारला. त्याला हार्लेमला आणून सेंट बाव्हो चर्चमध्ये पुरलं. चित्रात क्षितिजाच्या रेघेवर डोकं काढून उभं असलेलं, तेच चर्च.